रुआ जावारीचं व्रात्य पोर

साओ पावलोत नवीन माणसाचं नाव-गाव विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: संघ कुठला? उत्तर चारांपैकी एक असावं अशी अपेक्षा असते. कोरिंथियन्स, पाल्मेरास, साओ पावलो, नाहीतर घाटाखालचा सांतोस. मी "जुवेंतुस" म्हणतो. समोरचा मनापासून हसतो आणि विचारतो, "ते झालं हो, पण खरा संघ कुठला?"

यात अपमान नसतो. हा जुवेंतुस म्हणजे इटलीतला बलाढ्य क्लब नव्हे. मी राहतो त्या मोओका भागातला, राज्याच्या खालच्या श्रेण्यांमध्ये वर्षानुवर्षं खालीवर करणारा छोटा क्लब. इथल्या बऱ्याच जणांना दोन संघ असतात. मोठा संघ चिंता करायला आणि जुवेंतुस रविवारी सकाळी जायला. मी परका असल्यामुळे मला मोठा संघ वारशाने मिळाला नाही, आणि आता तो शोधण्याची गरजही वाटत नाही.

मोओका ही इटालियन वस्ती. सांतोस बंदरात उतरलेले लोक आगगाडीने घाट चढून इथल्या स्थलांतरितांच्या वसतिगृहात यायचे. तिथून बरेचसे कॉफीच्या मळ्यांवर गेले, काही शहरातच राहिले आणि गिरणीत लागले. गिरणी रोदोल्फो क्रेस्पीची, कापसाची. 1917 च्या जूनमध्ये याच गिरणीतल्या कामगारांनी, त्यात बायका पुष्कळ, पगारवाढ मागत काम थांबवलं. जुलैत पोलिसांच्या गोळीने होसे मार्टिनेस नावाचा तरुण चपला-बूट शिवणारा कारागीर मेला आणि संप अख्ख्या शहरात पसरला. ब्राझीलच्या कामगार चळवळीचा इतिहास या संपाशिवाय कुणी सांगत नाही.

त्यानंतर सात वर्षांनी, 20 एप्रिल 1924 ला, त्याच गिरणीच्या कामगारांचा फुटबॉल क्लब निघाला आणि त्याला गिरणीचंच नाव मिळालं. मालकाने मैदानाला जागाही दिली. पोरांच्या हातातल्या पत्रकापेक्षा पायातला चेंडू मालकाला स्वस्त पडला असणार, असं माझं मत. क्लबला जेमतेम तीन महिने होताहेत तोवर जुलै 1924 मध्ये लष्करातल्या बंडखोरांनी शहर ताब्यात घेतलं. ते परत मिळवायला सरकारने तोफा लावल्या त्या मोओका, ब्रास असल्या कामगार वस्त्यांवरच. क्रेस्पीची गिरणीही त्यात सापडली. लहान क्लबचं बारसं इतकं धामधुमीचं क्वचितच झालं असेल.

'जुवेंतुस' हे नाव आलं 1930 मध्ये. क्रेस्पीसाहेबांना तुरीनचा जुवेंतुस आवडला होता. पण काळा-पांढरा पोशाख इथे आधीच कोरिंथियन्स आणि सांतोसकडे होता, म्हणून जांभळट लाल रंग घेतला. तो तोरिनोचा, म्हणजे त्याच शहरातल्या जुवेंतुसच्या हाडवैऱ्याचा. नाव एकाचं आणि सदरा दुसऱ्याचा! तुरीनमध्ये अशा वेशात कुणी फिरला तर दोन्हीकडून मार खाईल. मोओकात मात्र आजतागायत कुणाला त्यात वावगं वाटलेलं नाही.

त्याच वर्षी या गिरणीवाल्यांनी कोरिंथियन्सला त्यांच्याच मैदानावर 2-1 असं हरवलं आणि तोमास माझोनी या क्रीडापत्रकाराने त्यांना 'मोलेके त्रावेसो' म्हटलं. व्रात्य कार्टं. हे नाव जे चिकटलं ते कायमचं. क्लब मोठ्यांच्या मांडीवर बसायला कधी गेला नाही, पण त्यांच्या खोड्या काढत राहिला. जुलिन्यो बोतेल्यो इथूनच सुरुवात करून पुढे फिओरेन्तिनाकडून इटलीचा विजेता झाला. या शतकात इटलीच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला तियागो मोत्ताही लहानपणी इथलाच. आजोबांना घेऊन आलेली बोट नातवंडांनी उलट दिशेने पकडली म्हणायची.

आता पेलेचा गोल. तो सांगितल्याशिवाय मोओकातून कुणाची सुटका होत नाही. 2 ऑगस्ट 1959, रुआ जावारी, म्हणजे जुवेंतुसचं मैदान. सांतोसचा पेले अठरा वर्षांचा, पण वर्षभरापूर्वीच विश्वचषक जिंकून आलेला. प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते. चेंडू मिळाल्यावर त्याने तो जमिनीला लागू न देता एकामागून एक तीन बचावपटूंच्या डोक्यावरून काढला, मग गोलरक्षक 'मांव द ओन्सा' याच्याही डोक्यावरून, आणि डोक्यानेच जाळ्यात ढकलला. हुर्यो करणाऱ्यांपुढे धावत जाऊन त्याने हवेत ठोसा मारला. पुढे जगभर गाजलेला तो ठोसा इथला, असं सांगतात. सांतोस 4-0 ने जिंकला. पेले स्वतः याला आपला सर्वांत सुंदर गोल म्हणायचा, आणि नेमकं त्याचं चित्रीकरण नाही. 2004 च्या 'पेले एतेर्नो' या माहितीपटासाठी तो संगणकावर उभा करावा लागला. मी ते चित्रण पाहिलंय. त्यापेक्षा कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांचं हातवारे करून सांगणं सरस आहे. दर वेळी बचावपटूंची संख्या थोडी वाढते, एवढंच.

मैदानावर पेलेचा अर्धपुतळा आहे. ज्याच्या संघाने आपल्याला चार गोलांनी धुतलं त्याचा पुतळा स्वतःच्या दारात बसवणारा दुसरा क्लब मला माहीत नाही. स्वतःच्या विजयाचं मात्र इतकं कौतुक नाही. 1983 मध्ये जुवेंतुसने देशाच्या दुसऱ्या श्रेणीचा 'रुप्याचा चषक' जिंकला. अंतिम फेरीत ईशान्येकडच्या मासेयोचा सीएसए होता. पहिला सामना तिथे हरून आल्यावर घरचे दोन जिंकले. घरचे म्हणजे तरी कुठले, कोरिंथियन्सच्याच मैदानावर! हा क्लबचा सर्वांत मोठा पराक्रम. पण त्याबद्दल मला कुणी आपणहून सांगितलं नाही, मीच खोदून विचारलं. बिचारा सीएसए मात्र ती फेरी विसरला नसेल. चार वर्षांत तिसऱ्यांदा अंतिम फेरीत हरला होता.

मैदानाचं अधिकृत नाव 'काउंट रोदोल्फो क्रेस्पी'. इटलीच्या राजाने गिरणीमालकाला काउंट केलं होतं आणि साहेबांची मुसोलिनीवर भक्तीही होती. बोलताना मात्र सगळे 'जावारी'च म्हणतात, गल्लीच्या नावाने. गिरणी 1963 मध्ये बंद पडली, पुढे तिच्या इमारतीत सुपरमार्केट आलं. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. तिथे खटकतं तेच इथे खटकतं, आणि सामान घ्यायला मीही तिथेच जातो.

जावारीत जेमतेम चार हजार माणसं मावतात. कित्येक दशकं दिवे नव्हते, त्यामुळे सामने दिवसाउजेडी व्हायचे. जाळी इतकी जवळ की कोपऱ्यावरून चेंडू मारणाऱ्याला आपल्या आईची चौकशी ऐकू येते, आणि तो कधीकधी उत्तरही देतो. मध्यंतराच्या पाचेक मिनिटं आधीच लोक उठायला लागतात, कारण कनोली संपतात. कुरकुरीत तळलेली नळी, आत साय घट्ट केल्यासारखं पांढरं क्रीम किंवा चॉकलेट, वरून पिठीसाखर. कागदी रुमालात धरून खायची. पहिल्या घासाला साखर जांभळट लाल सदऱ्यावर सांडते आणि डाग सामना संपेपर्यंत दिसतो. रांगेत उभं असताना गोल झाला तर रांगेतली माणसं गोलपेक्षा जागेची काळजी आधी करतात.

गोलच्या मागे तरुणांचा गट ढोल बडवत असतो. त्यांचा फलक म्हणतो, आधुनिक फुटबॉलचा कायमचा तिरस्कार. घोषणा मूळची युरोपातल्या कट्टर समर्थकांची, आणि ती देणारे बरेचसे मेट्रोने दुसऱ्या भागातून येतात. गिरणीकामगारांची नातवंडं आसपासच्या नव्या उंच इमारतींमधलं भाडं न परवडून कधीच पांगली. मला त्या पोरांचा राग येत नाही. ती नसती तर स्टँड रिकामा पडला असता. पण जुनेपणा ही जावारीची आता विक्रीची वस्तू झाली आहे, हे खरं. शहराने 2019 मध्ये मैदानाला वारशाचं संरक्षण दिलं, तेव्हा पाडापाडीची भीती गेली. पण वाढवायचं म्हटलं तरी हात बांधले गेले.

2021 च्या कायद्याने क्लबांना आपला फुटबॉल विभाग कंपनीत बदलून गुंतवणूकदार आणता येतात. ते वारं मोओकापर्यंतही आलं. पैसा आला तर संघ वर जाईल, हे सगळ्यांना हवंच आहे, ढोलवाल्यांनाही. पण वरच्या श्रेणीत बडे संघ पाहुणे म्हणून येणार, आणि त्यांच्या गर्दीला चार हजारांचं जावारी कुठून पुरणार? हा प्रश्न मी माझ्या शेजारी नेहमी बसणाऱ्या आजोबांना घातला. 2007 मध्ये जुवेंतुसने राज्याचा 'कोपा पावलिस्ता' जिंकला आणि पुढच्याच वर्षी पहिल्या श्रेणीतून खाली घसरला, हे सगळं त्यांनी याच पायऱ्यांवर बसून पाहिलंय. त्यांनी शांतपणे कनोली संपवली, बोटं पुसली आणि म्हणाले, "एक वर्ष कुठेतरी भाड्याने खेळू की. पुढच्या वर्षी खाली येऊच."