फळ्याच्या वेगानं गणित

अहो, सर फळ्यावर सिद्धता लिहीत असताना त्यांच्याच वेगानं लॅपटॉपवर छापल्यासारखी वही तयार होऊ शकते! टायप्स्ट नावाचं साधन हाती लागलंय आणि मी भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय.

आजवर गणित टंकायचं म्हणजे लाटेक, दुसरा विचारच नाही. १९७७ साली डोनाल्ड कनुथ यांना स्वतःच्याच ग्रंथाची मुद्रितं इतकी कुरूप वाटली की त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली. ती टेक; लाटेक तिच्यावरच उभं आहे. देखणेपणात त्याला तोड नाही. पण वर्गात? एका अपूर्णांकासाठी आधी उलटी तिरकी रेघ, मग आज्ञा, मग महिरपी कंसांच्या दोन जोड्या. तोवर सर पुढच्या ओळीवर!

टायप्स्टमध्ये डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये अंश टंका, तिरकी रेघ मारा, छेद टंका. बास! अंश वर, छेद खाली, मधे आडवी रेघ. अंशात बेरीज असेल तर ती साध्या कंसात घालायची, आणि पानावर ते कंस आपोआप गळून पडतात! कॅपिटल आर दोनदा दाबला की वास्तव संख्यांचा तो दुहेरी रेघेचा आर. बरोबरचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'पेक्षा मोठे'चं, की झाला 'म्हणून'चा बाण. सारणीत ओळ बदलायची तर अर्धविराम. आणि हे सगळं टंकता टंकता शेजारच्या पानावर उमटत असतं, कारण दरवेळी अख्खी वही नव्यानं जुळवली जात नाही, बदलेल तेवढंच जुळतं. कंस सुटला तर तिथल्या तिथे कळतं.

बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी हे सुरू केलं आणि २०२३ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. विद्यार्थ्यांची अडचण विद्यार्थ्यांनाच कळणार!

आकृत्यांना मात्र कागद-पेन्सिलच हवी. टोपोलॉजीच्या तासाला भोकाभोकांचे पृष्ठभाग कुणी टंकत बसू नये. हातानं काढावेत, फोटो घ्यावा, पानात टाकावा. शोधनिबंध पाठवायची वेळ आली की लाटेकही यायलाच हवं, गणिताची बहुतेक नियतकालिकं तेच मागतात. पण रोजच्या तासाला? टायप्स्टच, डोळे झाकून.

संगणकावर उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. आज रात्रीच घ्या, जुन्या वहीतलं एक पान टंकून हात बसवा, आणि उद्याच्या तासाला पहिल्या बाकावर बसा.