जवारी आणि जळलेली अक्षरे
मिरजेच्या तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली सूत सरकवले की त्या निसटत्या स्पर्शातून जवारी बोलते. नाद एकट्या तारेत नसतो, एकट्या घोडीतही नसतो. संहिता आणि वाचक यांच्यातील अर्थाचेही असेच आहे. मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी ‘पब्लिक नोटिस’मध्ये (२००३) नेहरूंचे १९४७ चे मध्यरात्रीचे भाषण आरशांवर अक्षरे जाळून लिहिले. आचेने आरसे वाकले. वाचणाऱ्याला शब्दांमागे स्वतःचाच विद्रूप चेहरा दिसतो. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारानंतर या वाचनाला ताटस्थ्य उरत नाही. २०१४ च्या कोची द्वैवार्षिकाचे संयोजन करताना त्यांनी सागरी सफरी आणि केरळची खगोलविद्या ही सूत्रे शेजारी ठेवली. तेथेही अर्थ जुळवणे प्रेक्षकावरच सोपवलेले होते. अर्थनिर्मिती ही जाणिवेची लीला खरी, पण तिचे दायित्वही जाणिवेलाच वाहावे लागते.