शक्तिमान, छापील

'शक्तिमान' ही मालिका काही हरवलेली नाही. 1997 च्या सप्टेंबरात ती दूरदर्शनवर सुरू झाली, 2005 पर्यंत चालली, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा दाखवली गेली आणि आता यूट्यूबवर हवी तेव्हा बघता येते. दिसेनासं झालंय ते तिचं कागदी भावंड. डायमंड कॉमिक्सने तेव्हा शक्तिमानची कॉमिक्स काढली होती. त्यातलं एक रद्दीत हाती लागलं, पुन्हा वाचलं. वाचता वाचता जे जे आता नाही असं जाणवलं, ते टिपून ठेवतोय. क्रमाला अर्थ नाही.

भिंगरी. पडद्यावर शक्तिमान गिरकी घ्यायला लागला की संगीत सुरू व्हायचं आणि आपण नुसतं बघत बसायचं. कॉमिकमध्ये त्याच गिरकीला एकच चौकट: चार-पाच वळसे, वर एक मूठ, बाकी लाल-सोनेरी फराटे. ती किती वेळ फिरवायची हे वाचणाऱ्याच्या हातात होतं. घाई असली तर पुढे जायचं, नसली तर तिथेच बोट ठेवून फिरवत बसायचं. गल्लीतली मुलं एक हात वर करून फिरत, चक्कर येऊन पडत, आणि मग भागाच्या शेवटी शक्तिमान साकारणारे खुद्द मुकेश खन्ना येऊन 'असं करू नका' म्हणून समजावत. कॉमिक वाचून कुणी पडल्याचं ऐकलं नाही.

चेहरा. मुखपृष्ठावरचा शक्तिमान बऱ्यापैकी मुकेश खन्ना. आत शिरलं की पानागणिक निराळा माणूस. जबडा रुंदावतो, केसांचा कोंबडा सरकतो, एका पानावर तर दोन चौकटींत दोन नाकं आहेत. मालिकेतली नायिका गीता विश्वास आधी किटू गिडवानी होती, मग वैष्णवी महंत झाली. माझ्या प्रतीतली गीता दोघींपैकी कुणीच नाही. ती चित्रकाराच्या ओळखीची कुणीतरी असावी.

सरकलेला रंग. ओठांचा लाल ओठांच्या खाली, पोशाखाचा सोनेरी खांद्याच्या बाहेर. छापताना रंगांच्या प्लेटा जरा सरकल्या की असं व्हायचं. डोळे बारीक करून पाहिलं की सगळं जागेवर येई. हल्लीच्या गुळगुळीत कागदावर ही सोय नाही.

कुपन. मधल्या एका पानाला चौकोनी भोक आहे. डायमंडवाल्यांचा 'अंकुर बाल बुक क्लब' होता. कुपन भरून दिल्लीला पाठवायचं, सभासद व्हायचं, मग पोस्टमन व्हीपीपी घेऊन दारात उभा, आणि ती सोडवायला आईकडे पैसे मागायचे. कुणीतरी ब्लेडने, पट्टी धरून, अगदी सरळ कापलंय. मागच्या बाजूला खलनायकाचं डोकं होतं, ते कुपनाबरोबर दिल्लीला गेलं. त्यामुळे तो पूर्ण एक प्रसंग बिनडोक्याने धमक्या देतो. मला हे पान सगळ्यात आवडलं.

भाड्याचा शिक्का. पहिल्या पानावर जांभळा, अर्धवट उठलेला. गावाचं नाव वाचता येत नाही, 'वाचनालय' तेवढं येतं. किराणा, झेरॉक्स किंवा एसटीडी बूथ यांच्याच कोपऱ्यात ही वाचनालयं असत. उन्हाळ्याच्या सुटीत दोरीवर कपड्यांसारखी कॉमिक्स वाळत घातलेली. घरी न्यायचं तर भाडं निराळं, तिथेच उभ्याने वाचायचं तर निराळं. उभ्याने वाचणाऱ्याचा वेग काय असे! एकाच्या भाड्यात दोघं वाचत, आणि पान उलटण्यावरून भांडण ठरलेलं.

'टीव्हीवर असं नव्हतंच.' हा वाद. माझ्या हातातली गोष्ट मालिकेत पाहिल्याचं मला आठवत नाही. म्हणजे ही घडली की नाही? रविवारी दुपारी बाराला दिसलं तेच खरं, असं मानणारा एक गट होता. दुसऱ्या गटाच्या घरी नेमकी बाराला वीज जायची. त्यांना छापील शक्तिमान खरा मानण्यावाचून गत्यंतर नव्हतं. विकिपीडियाने हा वाद संपवला. मला ते विशेष बरं वाटलेलं नाही.

रद्दीचा भाव. पूर्वी किलोवर जायचं, आता नगावर. जुन्या कॉमिक्सचे संग्राहक ऑनलाइन विकतात, प्लास्टिकच्या पिशवीत, कोपरे किती शाबूत ते सांगून. वाचलेलं कॉमिक स्वस्त, न वाचलेलं महाग. भोक पडलेल्या माझ्या प्रतीला त्या बाजारात किंमत शून्य.

किल्विष. मालिकेतला हा खलनायक मात्र टिकून आहे. अंधारावरचं त्याचं पालुपद मीम होऊन तरुण पोरांच्या फोनवर फिरतं, ज्यांनी सुरेंद्र पालना त्या अवतारात एक भागभरही पाहिलेलं नाही. खलनायकांचं बरं असतं.

'आज की आवाज'चं कार्यालय. शक्तिमान एरवी पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, पुढे आलेल्या दातांचा, जाड चष्म्याचा, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. त्यामुळे कार्यालयाच्या चौकटी येतात. टेबलावर तबकडीचा फोन, वायरीसकट. टाइपरायटर, त्यात अर्धवट सरकवलेला कागद. तारेत खोचलेली बिलं. गंगाधरच्या गळ्यात फ्लॅशचा कॅमेरा, म्हणजे आत छत्तीस फोटोंचा रोल, आणि तो धुऊन येईपर्यंत फोटो आला की नाही हे खुद्द शक्तिमानलाही कळणार नाही. चित्रकाराने यातलं काहीही जपून ठेवायला काढलेलं नाही. संवादाच्या फुग्याखाली टेबल रिकामं दिसलं असतं, म्हणून त्याने समोर असेल ते काढलं. शक्तिमानच्या चेहऱ्यापेक्षा फोन जास्त हुबेहूब आलाय.