वर्गातला बाळदमा

बाळदम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते, आणि मूल ठणठणीत दिसत असतानाही ती पुरती ओसरलेली नसते. सर्दी, धूळ, धूर, गार हवा किंवा धावपळ यांपैकी काही निमित्त झाले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि श्वास सोडताना छातीत घरघर ऐकू येते. दिवसाचे पाच-सहा तास मूल शाळेत असते. त्यामुळे दम्याची निम्मी काळजी घरच्यांइतकीच शिक्षकांकडे येते.

शाळेत प्रवेश घेताना पालक दम्याचा उल्लेख बहुधा टाळतात. ‘कफाची प्रकृती आहे’, ‘जरा छाती भरते’ एवढेच सांगतात, मुलीचे पालक तर आणखी जपून. प्राथमिक वर्गांना शिकवताना माझा अनुभव असा, की पालकांना बाजूला घेऊन ‘पंप घेतो का?’ असे सरळ विचारले तरच खरे उत्तर मिळते. पंपाची सवय लागते ही भीतीही तेव्हाच बोलून दाखवली जाते. ती निराधार आहे. पंपातले औषध थेट श्वासनळ्यांत पोहोचते, म्हणून गोळी-सिरपपेक्षा पुष्कळ कमी मात्रा पुरते.

औषधे दोन प्रकारची असतात. सूज आटोक्यात ठेवणारे औषध रोज, बरे वाटत असतानाही, घरीच घ्यायचे असते. शाळेत लागतो तो तातडीचा, साल्ब्युटामॉलचा पंप. तो बहुधा निळा असतो आणि काही मिनिटांत आराम देतो. तो कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद असेल आणि किल्ली रजेवर गेलेल्या लेखनिकाकडे असेल, तर नसल्यातच जमा. पंप, त्याला जोडायची स्पेसर नावाची नळी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद वर्गातच, शिक्षकांच्या हाताशी हवा. सहलीला आणि मैदानावरही पंप बरोबर न्यावा. पाण्यात तरंगवून पंपात किती औषध उरले ते कळत नाही. आकडा दाखवणारा पंप घ्यावा किंवा दाबांची नोंद ठेवावी.

माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीला मधल्या सुट्टीनंतर धाप लागली. शेजारच्या वर्गात कोरडा झाडू चालू होता. ती बाकाच्या कडेला हात टेकून वाकली होती आणि एकेक शब्द तोडून बोलत होती. अशा वेळी मुलाला आडवे करू नये, ताठ बसवावे, कपडे सैल करावेत. पंप हलवून स्पेसरला लावावा, एक दाब द्यावा आणि चार श्वास घ्यायला सांगावे. असे एकामागून एक चार दाब. चार मिनिटे थांबूनही फरक पडला नाही तर पुन्हा चार. मुलाच्या कागदावर डॉक्टरांनी वेगळे प्रमाण लिहिले असेल तर तेच पाळावे. त्या मुलीला पहिल्या चार दाबांनीच मोकळे वाटले. मात्र मुलाचे ओठ निळसर पडले, बोलणेच थांबले, मूल पेंगुळले किंवा घरघर अचानक बंद होऊनही श्वासाची ओढाताण चालू राहिली, तर १०८ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत औषध देत राहावे.

पाळणाघरात काम अधिक नाजूक असते, कारण तान्हे मूल सांगू शकत नाही. नाकपुड्या फुलणे, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, दूध पिताना मध्येच थांबून धापणे या खुणा सांभाळणाऱ्या मावशींना ओळखता आल्या पाहिजेत. इथे स्पेसरला मास्क लागतो. बरीच पाळणाघरे राहत्या घरात चालतात. तेव्हा मिरचीच्या फोडणीचा खाट, उदबत्ती आणि डासांची कॉइल मुलांच्या खोलीपासून लांब ठेवावी.

शाळेत फरशी ओल्या फडक्याने पुसावी, भिंतींची ओल काढावी, रंगकाम सुट्टीत उरकावे. दमा आहे म्हणून मुलाला खेळाच्या तासाला मात्र बसवून ठेवू नये. धावल्यावर धाप लागत असेल तर डॉक्टर बहुधा खेळाआधी दहा-पंधरा मिनिटे पंप घ्यायला सांगतात.

पंप दिला की वेळ आणि दाब वहीत लिहून त्याच दिवशी पालकांना कळवावे. सहा वर्षांपुढच्या मुलाला, खेळाआधीचा वापर सोडून, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा तातडीचा पंप लागू लागला तर दमा आटोक्यात नाही असे समजावे. ती वही पालकांनी डॉक्टरांकडे नेलीच पाहिजे.