हॅलॉनला अनावृत पत्र

हॅलॉन,

18 मे 2025 च्या पहाटे आमच्या सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि 8 जीव गेले. अशा बातमीनंतर प्रत्येकाच्या मनात येतं: एक नळी उघडावी आणि आग जागच्या जागी विझावी, असा एखादा गॅस का नसावा? तसा गॅस होता. तो तूच. म्हणून हे पत्र तुला.

तुझे गुण खरे आहेत, ते आधी सांगतो. पाणी आगीला थंड करतं, कार्बन डायऑक्साइड तिचा प्राणवायू हटवतो. तू थेट ज्वालेच्या रसायनातच शिरतोस. उष्णतेने तुझ्यातलं ब्रोमीन सुटतं आणि ज्वाला पेटती ठेवणारे हायड्रोजनचे अणू पकडत राहतं. बंद खोलीच्या हवेत हॅलॉन 1301 जेमतेम 5-6 टक्के मिसळला की काम होतं. मागे ना चिखल उरतो, ना भुकटी. संगणक कक्षांनी, रणगाड्यांनी, विमानांनी तुला आपलंसं केलं ते यासाठीच.

पण तेच ब्रोमीन पुढे घात करतं. तू खाली कशातच विरत नाहीस, म्हणून वर स्थितांबरापर्यंत पोचतोस. तिथे अतिनील किरणांनी ब्रोमीन मोकळं होतं आणि ओझोनचे रेणू एकामागून एक मोडतं. या कामात ब्रोमीनचा एक अणू क्लोरीनच्या अणूपेक्षा सुमारे 60 पट घातक ठरतो. फ्रिजमधल्या सीएफसी-11 ची ओझोनहानी 1 धरली, तर हॅलॉन 1301 ची 10 भरते. म्हणून 1987 च्या माँट्रियल करारात तुझं नाव आलं. भारत 1992 मध्ये त्या करारात सामील झाला आणि 2010 पासून आपल्याकडे तुझं नवं उत्पादन बंद आहे. हे योग्यच झालं.

माझी तक्रार तुझ्या वारसावर आहे. तुझ्या जागी आलेल्या एचएफसी-227 मध्ये ब्रोमीन नाही, त्यामुळे ओझोन वाचला. पण 100 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 3000 पटींहून जास्त उष्णता अडवतो. उन्हाळ्यात पारा 44 अंशांवर जाणाऱ्या गावात बसून मी हे किरकोळ कसं मानू? 2016 च्या किगाली दुरुस्तीने त्यालाही वेसण घातली. भारताने 2021 मध्ये ती स्वीकारली, पण आपली प्रत्यक्ष कपात 2032 पासून सुरू होणार आहे. तोवर बसवलेली प्रत्येक टाकी कधीतरी गळणार किंवा सुटणार. सर्व्हर रूमसाठी नायट्रोजन आणि अरगॉनसारखे हवेतलेच वायू मिळतात, पाण्याचं बारीक तुषार-तंत्रही आहे. मग हा रस्ता का धरायचा?

आणि आमच्या यंत्रमागांना तू तारणारा नव्हतासच. सुताच्या गठ्ठ्यात आग आत शिरून धुमसते. वरची ज्वाला विझली आणि गॅस दारा-खिडक्यांतून निघून गेला, की ती पुन्हा भडकते. तिथे भरपूर पाणी लागतं: छताला स्प्रिंकलर, आवारात भरलेली टाकी, दाबाने चालणारा हायड्रंट. रोज झाडलेले तंतू, तपासलेली वायरिंग, मोकळं दुसरं दार हवं. कारखान्यात माणसं राहत असतील, तर त्यांच्या सुटकेची वाट सर्वांत आधी हवी. जादूच्या गॅसची वाट पाहण्यात हे सगळं राहून जातं, आणि त्याची किंमत माणसं मोजतात.

तुझे जुने सिलिंडर अजून कुणाच्या भिंतीवर असतील, तर ते भंगारात फोडू नयेत, हवेत सोडू नयेत. अधिकृत यंत्रणेकडे सोपवावेत, म्हणजे तो साठा शुद्ध करून, जिथे अजून पर्याय बसलेला नाही अशा विमानांसारख्या मोजक्या ठिकाणी वापरता येईल. तुझं काम आता तेवढंच. बाकी सोलापूर वाचवायची जबाबदारी आमची, कारखानदारांची, महापालिकेची आणि एमआयडीसीची आहे. ती आम्ही कुठल्याच सिलिंडरवर ढकलू नये.

सोलापूरचा एक नागरिक