विसरणारा स्टार्टर

परत आलेल्या विजेशी विहिरीवरच्या मोटारीनं आणि लाकडाच्या करवतीनं एकसारखं वागू नये, हे मी धुळ्याकडच्या मळ्यांत शिकलो. आमच्याकडे शेतीला थ्री फेज लाइन पाळीनं मिळते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रीच्या पाळीत पाणी भरायचं तर अंधारात बांधावरून विहीर गाठणं आलं, आणि साप-बिबट्याची धास्ती वेगळीच. म्हणून लोक स्टार्टरला ऑटो स्विच जोडतात. लाइन आली की मोटार आपोआप सुरू. सगळ्या मोटारी एकदम उचलतात आणि डीपी जळते, ऑटो स्विच काढा, असं महावितरण सांगत असतं. ते खरंच आहे. पण ज्याला मध्यरात्री बांध तुडवायचा आहे, त्याला मी दोष देऊ शकत नाही.

तीच सवय घरामागच्या शेडमध्ये आली, की मात्र बोटांवर बेतते.

सुतारकामातला अपघात म्हटला की फिरतं पातं डोळ्यांसमोर येतं. फिरत्या पात्याला आवाज असतो, भुसा उडत असतो, अंग आपोआप सावध असतं. मला भीती वाटते ती गप्प यंत्राची. दीपनगरचं वीज केंद्र उशाशी असूनही जळगाव-भुसावळनं भारनियमनाची वर्षं काढली आहेत, आणि आजही मे महिन्यात वादळ सुटलं की तारा तुटतात, लाइट जाते. अशा वेळी सागाची फळी अर्धी चिरून झालेली असते. पातं मंदावत थांबतं, फळी त्यातच अडकून राहते. माणूस घाम पुसतो, पाणी पितो आणि फळी सोडवायला हात घालतो. बटण चालूच राहिलंय, हे त्या घडीला कोणाच्या ध्यानात असतं? शेडमधला दिवा इन्व्हर्टरवर असला तर फसगत आणखी सोपी, कारण उजेड तसाच असतो. मग गल्लीत पोरं ओरडतात, "लाइट उनी रे!" ती हाक कानावर पडेस्तोवर पात्यानं वेग घेतलेला असतो.

यावरचा इलाज नवा नाही आणि फार महागही नाही. विहिरीवरच्या खोलीत लहानपणापासून पाहिलेली ती हिरव्या-लाल बटणांची पेटी, डीओएल स्टार्टर, तोच इथे कामाला येतो. फक्त तो आपल्या मोटारीच्या फेजचा आणि अँपिअरचा हवा. मेन बंद करून एकदा त्याचं झाकण उघडून बघावं. आत तांब्याच्या तारेची कॉइल असते, नो-व्होल्ट कॉइल. हिरवं बटण दाबलं की ती लोखंडी गाभा ओढून धरते आणि कॉन्टॅक्ट जुळतात. त्यांतल्याच एका कॉन्टॅक्टमधून कॉइलला वीज मिळत राहते, म्हणून बोट काढलं तरी मोटार चालते. लाइट गेली की कॉइलची पकड सुटते, स्प्रिंग गाभ्याला मागे ढकलते, खट् असा आवाज होतो. आता वीज परत आली तरी कॉइलपर्यंतची वाट तुटलेली असते. कोणी मुद्दाम हिरवं बटण दाबेपर्यंत काही हलत नाही. आपण मघाशी चालू होतो, हेच यंत्र विसरून जातं. ऑटो स्विच त्याला ती आठवण करून देतो. विहिरीवर ती उपयोगाची, करवतीला घातक. घामानं डबडबलेल्या माणसाच्या लक्षात राहण्यापेक्षा मला यंत्राचं हे विसरणं जास्त भरवशाचं वाटतं.

कायद्यानंही हे ओळखलेलं आहे. 1948 च्या कारखाना अधिनियमात 1976 च्या दुरुस्तीनं कलम 24 मध्ये भर पडली: वीज तोडणारी जी कळ नकळत चालूवर सरकू शकते, ती बंद जागी लॉक करायची सोय हवी, असं त्यात म्हटलं होतं. अमेरिकेत लाकूडकामाच्या यंत्रांच्या नियमांत तर वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊन इजा होण्याजोगी असेल, तर ते रोखण्याची व्यवस्था सक्तीची आहे. घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र तपासायला कोणी येत नाही.

आणि तिथेच मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून, तो प्लायवूडखाली उलटा बसवून टेबल करवत केली जाते. खाली हात घालून ट्रिगर धरता येत नाही, म्हणून तो लॉक करतात किंवा तारेनं बांधून टाकतात. बोट सुटलं की यंत्र बंद, ही कंपनीनं दिलेली सोय तिथेच गेली. उरतं ते भिंतीवरचं साधं बटण, जे लाइट गेली तरी चालूच राहतं. असं टेबल करायचंच असेल, तर पात्यावर छापलेला कमाल वेग कटरच्या वेगापेक्षा कमी नाही ना, ते आधी बघा, वर गार्ड बसवा, आणि मध्ये नो-व्होल्ट स्विच घातल्याशिवाय लाकूड लावू नका.

स्टार्टर बसवला की त्याची परीक्षा घ्यावी. टेबल रिकामं, माणसं लांब. करवत चालू करायची, मेन पाडायचा, पातं पुरतं थांबू द्यायचं, मग मेन चढवायचा. करवत गप्प राहिली तरच पुढचं काम. मी ही परीक्षा पावसाळा सरला की पुन्हा घेतो, कारण पेटीत भुसा साचतो, मुंग्या शिरतात, कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कॉइल धरत नाही, नुसती घरघरते. विहिरीवर अशा वेळी गाभा दाबून ठेवायला काडी खोचलेली मी पाहिली आहे. काडी खोचलेला स्टार्टर काही विसरत नाही. शेडमध्ये व्होल्टेज नसेल, तर त्या दिवशी करवत लावायची नाही.

हातातल्या यंत्रांची गत वेगळी. ग्राइंडरचं सरकतं बटण चालूवर राहिलं आणि कोणी पिन खोचली, की तो टेबलावरून उडी मारतो. पिन लावण्याआधी अंगठ्यानं बटण चाचपायचं. ड्रिलची चावी मी वायरला, अगदी पिनजवळ बांधतो. दोरी इतकी आखूड, की पिन बोर्डातून काढल्याशिवाय चावी चकपर्यंत पोचतच नाही. पातं बदलताना पिन काढून टेबलावर, डोळ्यांसमोर. शेडमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांना एवढंच सांगून ठेवलंय, की पिन दिसत नसेल तर पात्याला हात लावायचा नाही. बॅटरीवरच्या यंत्रांना पिनच नसते आणि लाइट जाण्याचाही प्रश्न नसतो, म्हणून ती निर्धोक वाटतात. त्यांची बॅटरी आधी काढायची, ब्लेडचा नट नंतर.