जोड

माझ्या वडील बंधूंची सारी हयात वालचंदनगरात, शेठ वालचंद हिराचंद यांनी नीरेकाठच्या माळावर उभ्या केलेल्या कारखान्यात, नळ जोडण्यात गेली. जोड गळला की फिटरची अब्रू गेली, हे त्यांचे ब्रीद. भाकरीचा घास छातीत अडकू लागला, मुंबईस तपासणी झाली आणि अन्ननलिकेचा कर्करोग ठरला, तेव्हा शस्त्रवैद्यास त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच : "डॉक्टर, नळी कापून पुन्हा जोडाल, पण जोड गळला तर?"

शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या प्राध्यापकास हा प्रश्न सुचलाही नसता. पण बोट नेमके मर्मावर पडले होते. ही नलिका सुमारे २५ सेंटिमीटरांची. रोगट भाग काढल्यावर जठराचीच नळी करून ती वर ओढून जोडतात. हा जोड छातीत गळला, तर जिवावर बेतते. १९१३ साली न्यूयॉर्क येथे फ्रांझ टोरेक याने छातीतील अन्ननलिका प्रथम यशस्वीपणे काढली, तेव्हा असा जोड त्याने केलाच नाही. त्याची रोगी बाई पुढे दहा वर्षांहून अधिक काळ शरीराबाहेरील रबरी नळीतून अन्न घेत जगली!

गाठींचा प्रश्न याहून अवघड होता. रसवाहिन्यांच्या जाळ्यातून हा रोग वर मानेपर्यंत व खाली पोटापर्यंत लवकर पसरतो. म्हणून तेथल्या ग्रंथी वेचून काढाव्या लागतात. त्यांतल्या काही स्वराच्या मज्जातंतूस लागून असतात. आवाज बसू शकेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. दादांचे भजन ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. न राहवून म्हणालो, "दादा, तेवढ्या गाठी राहू द्याव्यात का?"

ते हसले. म्हणाले, "गंज ठेवून वर रंग देऊ नये रे."

सातव्या दिवशी क्ष-किरणांपुढे त्यांस औषधी पाणी पाजून पाहिले. जोड गळला नव्हता. आवाज मात्र घोगरा झाला. आता ते दिवसातून सहा वेळा थोडथोडे जेवतात, निजताना उशी उंच घेतात, आणि अजून तरी बरे आहेत.

परवा एकादशीस ते भजनास बसले. सूर लागेना, तेव्हा त्यांनी टाळ उचलला. मी मान खाली घातली. त्या दिवशी तो आवाज मला हवा होता. दादांना जगायचे होते.